‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणजे नेमकं काय? पंचविशीतल्या कंबरदुखीमागचा दाह

चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात कंबरदुखीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास येतात. ‘मणक्यात गॅप आलाय’ आणि ‘नस दबलीय’. बोलणारा बऱ्याचदा पंचविशी-तिशीतला असतो. आठ तास लाइनवर वाकून काम आणि मग पुणे-नाशिक महामार्गाच्या कोंडीतून बाइकवर घर.

गंमत म्हणजे यात ‘गॅप’ वाढत नाही, उलट कमी होतो. दोन मणक्यांमध्ये एक गादी असते, तिला डिस्क म्हणतात. आत जेलीसारखा गर, बाहेर चिवट तंतूंचं कडं. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. पोषण शेजारच्या हाडातून झिरपत येतं, त्यामुळे दुरुस्ती फार संथ चालते.

दाह कुठून येतो?

दाह म्हणजे शरीराची इजेवरची प्रतिक्रिया. वारंवार पडणारा ताण, धूम्रपान, लठ्ठपणा अशा कारणांनी गादीतल्या पेशीच टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा अशी दाहकारक रसायनं सोडू लागतात. त्यांच्यामुळे वाढलेली एन्झाइम्स गरातलं पाणी धरून ठेवणारं प्रथिन तोडतात. गर सुकतो, गादी चपटी होते, उरलेल्या पेशींवर जास्त ताण येतो आणि रसायनं आणखी वाढतात.

पण सगळा दोष कामाला देता येत नाही. फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात गादी झिजण्यात अनुवंशाचा वाटा कामाच्या ताणापेक्षा मोठा दिसला. मात्र झिजणं वेगळं, दुखणं वेगळं. वजन उचलणं, वाकून वळणं आणि शरीराला बसणारे हादरे यांचा कंबरदुखीशी संबंध अनेक अभ्यासांत आढळलाय.

मग ‘नस दबलीय’ हे खरं की खोटं?

अर्धं खरं. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी फुटलेली गादी नसेवर दाब आणते हे मांडलं आणि पुढची अनेक दशकं उपचार त्याच विचारावर चालले. १९९३ मध्ये स्वीडनच्या ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या नसांच्या मुळांवर, अजिबात दाब न देता, त्यांच्याच गादीतला गर ठेवला. तरीही नसांचं काम मंदावलं. म्हणजे दाबाशिवाय, नुसत्या गरानेही नस बिघडू शकते.

हाच दाह सफाई कामगारही असतो. बाहेर आलेला गर रोगप्रतिकारक पेशी हळूहळू खाऊन टाकतात. म्हणूनच पायात कळ जाणाऱ्या बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय बराच आराम पडतो. त्या काळात अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढं चालणं चांगलं. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या रोज खाल्ल्या तर पोट आणि किडनीला त्रास होऊ शकतो.

एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरणाऱ्यांसाठी एक आकडा. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात.

कधी थांबायचं नाही?

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा किंवा पायातली ताकद कमी होत जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पिंपरीत महापालिकेचं वायसीएम आहे, विमा कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयसीचं रुग्णालय आहे.

तरुणांमध्ये आणखी एक दाह असतो, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. त्यात उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडलेली राहते, विश्रांतीने दुखणं वाढतं आणि हालचालीने कमी होतं. डॉक्टर ‘सकाळी आखडतं का?’ विचारतात तेव्हा रात्रपाळीवाल्याने दुपारी उठल्यानंतरचं सांगायला हवं. याचे उपचार वेगळे आहेत आणि ते संधिवाततज्ज्ञाकडे मिळतात.

राहतो प्रश्न रजेचा. कंत्राटी कामगार घरी बसला की त्या दिवसाची मजुरी जाते, त्यामुळे दुखणं अंगावर काढलं जातं. कागदावरही ते फारसं उमटत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्याने कळवणं बंधनकारक केलेल्या २९ आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजामुळे येणारा बहिरेपणा होता. कंबरदुखी किंवा मणक्याचा आजार नव्हता.