लेमिंगच्या भरवशावरचं अभयारण्य

रशियाच्या थेट उत्तर टोकाला, तैमिर द्वीपकल्पावर, ‘ग्रेट आर्क्टिक’ हे संरक्षित क्षेत्र १९९३ साली स्थापन झालं. विस्तार ४१ हजार चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा. शिकारीला इथे बंदी आहे आणि परवानगीशिवाय कुणाला पाऊलही टाकता येत नाही. तरीही यंदा पक्ष्यांची किती पिल्लं जगणार, हे बरंचसं ठरतं ते लेमिंगवर. लेमिंग म्हणजे टुंड्रात राहणारा, उंदराच्या जातकुळीतला एक गुबगुबीत प्राणी.

जूनमध्ये बर्फ वितळतो. खालची जमीन गोठलेलीच असल्यामुळे पाणी मुरत नाही, जागोजाग डबकी साचतात, डास आणि माश्या उसळतात. सूर्य मावळत नाही. किनारी पाणपक्ष्यांची पिल्लं अंड्याबाहेर आल्यावर काही तासांतच स्वतः किडे टिपू लागतात. आईबाप भरवत नाहीत. सगळा संसार जेमतेम दोन महिन्यांत उरकायचा असतो.

लेमिंगची संख्या साधारण तीन-चार वर्षांच्या चक्रानं वाढते आणि कोसळते. लेमिंग मुबलक असले की आर्क्टिक कोल्हे त्यांच्यावरच पोट भरतात. ते आटले की कोल्ह्यांचा मोर्चा अंड्यांकडे वळतो. ब्रेंट हंस हिमघुबडाच्या घरट्याजवळ आणि लाल छातीचे हंस बहिरी ससाण्याच्या शेजारी घरटी करतात, कारण हे शिकारी पक्षी आपल्या घरट्याभोवती कोल्ह्याला फिरकू देत नाहीत. पण लेमिंग नसतील त्या वर्षी हिमघुबडं बहुधा वीणच करत नाहीत, आणि हंसांचा पहारा उठतो. अशा उन्हाळ्यानंतर पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर हिवाळ्याला उतरणाऱ्या ब्रेंट हंसांच्या थव्यांत नवी पिल्लं जवळपास दिसतच नाहीत. तैमिरमधला दुष्काळ हॉलंडमध्ये मोजता येतो!

हे चक्र पक्ष्यांनी युगानुयुगं पचवलं आहे. तापमानवाढ पचवणं मात्र जड जातंय. तैमिरमध्ये वीण करणाऱ्या ‘रेड नॉट’ पक्ष्यांवरचा एक अभ्यास २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिथला बर्फ तीन दशकांत दरवर्षी सरासरी अर्धा दिवस लवकर वितळत गेला होता. किड्यांचा बहर पुढे सरकला, पिल्लं मागे राहिली. उष्ण वर्षांत जन्मलेली पिल्लं अंगानं लहान, चोचीनं आखूड निघाली. मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढताना वाळूत खोल दडलेल्या शिंपल्यांपर्यंत त्यांची चोच पोचेना, आणि त्यांच्यातली कमी पिल्लं जगली. उपासमार आफ्रिकेत झाली, तिचं कारण आर्क्टिकमध्ये होतं. कुठलंही कुंपण याला आवरू शकत नाही.

आपला संबंध इथेच येतो. कर्ल्यू सँडपायपर हा किनारी पाणपक्षी सैबेरियाच्या टुंड्रात, मुख्यतः तैमिर परिसरात, वीण करतो आणि हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलावरही येतो. नर अंडी उबवण्यात भाग घेत नाही, तो आधीच दक्षिणेला निघतो. मादी आणि पिल्लं मागून येतात. २०२४ मध्ये ही जात जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ ठरली. तिच्या घटीमागे वाटेवरचे चिखलपट्टे नाहीसे होणं, हे एक मोठं कारण आहे.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ हा मान, मिळाला, हे चांगलंच झालं. पण पक्षी या रामसर क्षेत्राच्या हद्दीपलीकडच्या पाणथळींवरही तितकेच अवलंबून असतात. तुमच्या भागातल्या पाणथळीवर भराव टाकण्याची जनसुनावणी लागली, तर तिला जरूर जा आणि हरकत लेखी नोंदवा.