प्रयोगशाळेतला शोध बाजारात नेताना

विद्यापीठात संशोधन करताना काही नवं हाती लागलं, तर पेटंटची घाई करण्याआधी एक गोष्ट पाहावी: हा शोध नेमका कोणाच्या मालकीचा?

याचं उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यामुळे सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येते. जर्मनीत २००२ पर्यंत प्राध्यापकाचा शोध प्राध्यापकाचाच असे. आता विद्यापीठ त्यावर हक्क सांगू शकतं. स्वीडनमध्ये तो आजही शिक्षकाचाच. भारतात बे-डोलसारखा कायदा करण्यासाठी २००८ मध्ये विधेयक आलं, पण ते मंजूर झालं नाही. त्यामुळे आपल्याकडे बरंचसं संस्थेच्या बौद्धिक संपदा धोरणावर, म्हणजे शोध-लेखनाच्या हक्कांविषयीच्या नियमांवर, आणि अनुदानाच्या करारावर ठरतं. हे दोन्ही कागद आधी मागून वाचावेत. कंपनीच्या पैशातून प्रकल्प चालू असेल, तर करारातलं मालकीचं कलम दोनदा वाचावं.

मग संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाला शोध लेखी कळवावा. ज्यांनी खरोखर शोधात भर घातली त्या सर्वांची नावं द्यावीत, विद्यार्थ्यांचीही.

बहुतेकांचं चुकतं ते यापुढे. पेटंटला नावीन्य लागतं: अर्जाआधी शोध जगासमोर आलेला नसावा. शोधनिबंध, परिषदेतलं पोस्टर, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, सगळं यात मोजलं जातं. जनुकं जोडण्याच्या कोहेन-बॉयर तंत्राचा निबंध १९७३ च्या नोव्हेंबरात छापला गेला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाने अर्ज केला १९७४ च्या नोव्हेंबरात. अमेरिकेत वर्षभराची मुभा होती म्हणून तिथलं पेटंट वाचलं. परदेशांतले हक्क गेले. भारतातही विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. तिच्या भरवशावर राहू नये.

निबंधाची घाई असेल तर आधी तात्पुरता अर्ज करावा. त्याने तारीख पक्की होते आणि संपूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सूट आहे, तेव्हा खर्चाच्या भीतीने थांबू नये. परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर भारतीय पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. हे विसरणं महागात पडतं.

शेवटी परवाना, म्हणजे शोध वापरण्याची कंपनीला दिलेली मुभा. तो एकाच कंपनीला द्यायचा की अनेकांना, हा खरा निर्णय. स्टॅनफर्डने कोहेन-बॉयर तंत्राचे परवाने वर्षाला दहा हजार डॉलर घेऊन अनेकांना दिले, म्हणून ते झपाट्याने पसरलं. येल विद्यापीठाने स्टॅव्ह्युडिन हे एड्सवरचं औषध मात्र एकाच कंपनीला दिलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांना ते परवडेना, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने आणि येलच्या विद्यार्थ्यांनी आवाज उठवला आणि २००१ मध्ये कंपनीने तिथे पेटंटचा आग्रह सोडला. औषधाचा परवाना देताना गरीब देशांसाठीचं कलम करारात पहिल्याच मसुद्यात मागावं; सही झाल्यावर कंपनीची मनधरणी करावी लागते.