रायडिंग सूट निवडताना आधी देह पाहा, मग कापड

निवृत्तीनंतर मोटरसायकलवरून लडाखला जाण्याचा बेत सांगणारी माणसे आता आमच्यासारख्या कुटुंबवैद्यांकडेही येऊ लागली आहेत. सोबत बहुधा पत्नी, मुलगा किंवा सून असते आणि डॉक्टरांनी ‘नको’ म्हणावे ही अपेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येते. जावे की न जावे, याचे उत्तर हृदय, रक्तदाब, साखर, दृष्टी आणि गुडघे तपासूनच द्यावे लागते आणि ते प्रत्येकाचे वेगळे असते. परंतु एकदा जायचे ठरले, की दुसरा प्रश्न उभा राहतो : अंगात काय घालावे? हा प्रश्न दुकानदाराचा, असे समजून आपण तो सोडून देतो. वस्तुतः तो निम्मा तरी वैद्यकीय प्रश्न आहे.

पुण्या-मुंबईहून जून महिन्यात निघालेला प्रवासी राजस्थानात चाळीस अंशांहून अधिक उन्हातून जातो, हिमाचलात त्याला पाऊस गाठतो आणि मनाली-लेह मार्गावरील तांगलांग ला ही खिंड ५३०० मीटरहून उंच असल्याने तेथे बर्फाचा वाराही लागू शकतो. दर हजार मीटर चढाईला तापमान साधारणपणे सहा अंशांनी उतरते. एका प्रवासात तीन ऋतू अंगावरून जातात. म्हणूनच चामड्याऐवजी कापडी सूट, म्हणजे नायलॉन अथवा पॉलिएस्टरच्या मजबूत कापडाचे जाकीट आणि पँट, अशा प्रवासाला सोयीचा ठरतो. तो चामड्याहून हलका असतो, त्यात हवेचे झरोके ठेवता येतात आणि आतले थर घालता-काढता येतात.

मात्र बाजारातील बहुतेक सल्ला तिशीतल्या चालकाला डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. वय वाढले की शरीर आपल्या अडचणी उशिरा कळवते. तहान उशिरा लागते, उकाडा आणि गारठा उशिरा जाणवतात, घाम कमी येतो, हाडे ठिसूळ होतात. तेव्हा ज्येष्ठांनी सूट निवडताना एकच कसोटी मुख्य मानावी : जे काम आपले शरीर आता पूर्वीइतके चोख करत नाही, ते या पोशाखाने हलके केले पाहिजे. त्याने त्यात भर घालता कामा नये.

उन्हाचा विचार प्रथम

सूट घेताना आपल्या मनात थंडी असते, कारण डोळ्यांपुढे हिमालय असतो. पण तेथे पोहोचण्याआधीची वाट उन्हाची आहे आणि ज्येष्ठांना तीच अधिक घातक ठरू शकते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाच्या, म्हणजे सुमारे ३५ अंशांच्या, वर गेले की अंगावर येणारा वारा आपल्याला उष्णताच देतो. त्या वेळी देहाला थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग उरतो, तो घामाच्या बाष्पीभवनाचा. घाम सुकायला हवा खेळती लागते. म्हणून छाती, बाह्या, पाठ आणि मांड्या येथे मोठे, चेनने उघडता येणारे झरोके असलेला किंवा जाळीच्या कापडाचा सूट निवडावा. पाठीवरचा झरोका विसरू नये. समोरून आलेली हवा बाहेर पडायला वाट नसेल, तर समोरच्या झरोक्यांचा उपयोग निम्माच होतो. मागे बसणाऱ्या व्यक्तीला चालकाच्या आडोशामुळे वारा कमी लागतो. तेव्हा पतीच्या मागे बसून जाणाऱ्या भगिनींनी अधिक हवेशीर सूट घ्यावा.

अतिशय उन्हात सगळे झरोके सताड उघडे ठेवले, तर घाम क्षणात सुकतो आणि शरीरातील पाणी वेगाने कमी होते. अशा वेळी आतला सुती सदरा पाण्याने भिजवून घालावा आणि झरोके थोडे मिटते घ्यावेत. बाष्पीभवन होते ते मग त्या पाण्याचे. तहानेची वाट न पाहता ठरावीक अंतराने पाणी प्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याची मर्यादा सांगितली आहे, त्यांनी प्रमाण आधी आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. सकाळी लवकर निघून दुपारच्या आत मुक्काम गाठणे हा तर कोणत्याही सुटाहून उत्तम उपाय.

येथे औषधांचा संबंध येतो. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या नव्या गोळ्या शरीरातील पाणी कमी करतात. वारंवार लघवी होण्यावरची काही औषधे, तसेच सर्दी-ॲलर्जीवरची काही जुनी औषधे घाम कमी करतात. हृदयाचे ठोके मंदावणारी औषधे उष्णतेशी जुळवून घेण्याची ताकद घटवतात. यांपैकी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. निघण्याच्या महिनाभर आधी यादी घेऊन डॉक्टरांना भेटावे आणि ‘मी जाड सूट घालून उन्हात सहा तास असणार आहे’ हे स्पष्ट सांगावे. पुष्कळदा मात्रा किंवा वेळ बदलून काम भागते.

पाऊस आणि गारठा

पाण्यापासून रक्षण तीन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात जलरोधक पडदा बाहेरच्या कापडालाच आतून चिकटवलेला असतो. कापड पाणी शोषत नाही, पण किंमत बरीच जास्त असते. दुसऱ्या प्रकारात तो पडदा बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्या मध्ये सुटा शिवलेला असतो. अंग कोरडे राहते, पण बाहेरचे कापड भिजून जड होते आणि वाऱ्याने गार पडते. तिसऱ्या प्रकारात ते अस्तर चेन लावून आत जोडायचे असते. हा प्रकार दुकानात सोयीचा वाटतो. परंतु पाऊस आल्यावर रस्त्याच्या कडेला पँट उतरवून अस्तर जोडणे साठीच्या गुडघ्यांना आणि कमरेला मानवत नाही. परिणामी माणूस ‘थांबेल पाऊस’ म्हणत भिजत राहतो. बेताच्या खर्चात ज्येष्ठांना सर्वांत व्यवहार्य मार्ग म्हणजे हवेशीर सूट आणि त्यावरून चढवता येणारा, ढगळ, वेगळा रेनकोट व पँट.

गारठ्याचे गणितही ध्यानात घ्यावे. हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाच्या उघड्या त्वचेला ते सुमारे ५ अंशांसारखे लागते. शून्य अंश असेल, तर उणे ९ सारखे. म्हणून वारा अडवणारा थर सर्वांत बाहेर हवा. त्याच्या आत उबेचा थर, आणि अंगालगत लोकरीचा किंवा घाम बाहेर सोडणारा कृत्रिम धाग्याचा पातळ थर असावा. उन्हात उपयोगी पडलेला सुती सदरा थंडीत मात्र टाळावा. तो घामाने ओला होतो, ओलाच राहतो आणि अंगातील ऊब ओढून घेतो.

मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना बोटे गारठल्याचे कळत नाही आणि इंजिनाचा चटका बसल्याचेही कळत नाही. त्यांनी विजेवर तापणारे जाकीट वा मोजे वापरू नयेत आणि दर थांब्यावर पावले डोळ्यांनी पाहावीत. इन्शुलिन एकदा गोठले की निरुपयोगी होते. ते उन्हात थंड पिशवीत आणि खिंडीच्या प्रवासात सुटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे. असा आतला खिसा आहे का, हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

पडल्यावर काय वाचेल

मोटरसायकलवरून पडताना देहाला दोन इजा होतात : घासण्याची आणि आपटण्याची. घासण्यापासून कापड वाचवते. विक्रेते ‘डेनियर’चा आकडा सांगतात, नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढेच त्यावरून कळते. शिवण टिकेल की नाही, हे कळत नाही. त्यापेक्षा आतली पट्टी वाचावी. ‘ईएन १७०९२’ या युरोपीय मानकानुसार तपासलेल्या कपड्यावर ‘एएए’, ‘एए’, ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ अशी श्रेणी लिहिलेली असते. लांबच्या प्रवासासाठी ‘एए’ श्रेणी पाहावी. ‘बी’मध्ये आपटण्यापासून रक्षण करणाऱ्या गाद्या धरलेल्या नसतात. ‘सी’ श्रेणीचा कपडा केवळ त्या गाद्या जागेवर धरून ठेवण्यासाठी असतो; तो घासण्यापासून वाचवत नाही.

आपटण्यापासून वाचवतात त्या गाद्या, ज्यांना दुकानात ‘आर्मर’ किंवा ‘प्रोटेक्टर’ म्हणतात. त्यांवर ‘ईएन १६२१’ हा क्रमांक आणि १ किंवा २ अशी पातळी असते. ठरावीक आघात केल्यावर हातापायांच्या गादीतून पलीकडे पोहोचणारे बल पातळी १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालते, तर पातळी २ मध्ये २० पर्यंतच. पाठीच्या गादीसाठी या मर्यादा १८ आणि ९ आहेत. ठिसूळ हाडांच्या माणसाला हा फरक लहान नाही. तेव्हा ज्येष्ठांनी पातळी २ चाच आग्रह धरावा. दोन जागा विशेष तपासाव्यात. पहिली पाठ : अनेक जाकिटांत तेथे साधा फोम भरलेला असतो आणि खरी गादी वेगळी विकत घ्यावी लागते. दुसरी खुबा : पँटीत गुडघ्याची गादी असते, खुब्याची पुष्कळदा नसते. साठीनंतर खुब्याचे हाड मोडणे म्हणजे शस्त्रक्रिया आणि नंतर कित्येक आठवड्यांची परस्वाधीनता. ते घरच्यांना मी समजावून सांगायला नको. एवढ्या एका गादीसाठी दुसरे दुकान गाठावे लागले, तरी गाठावे.

हेल्मेट, बूट आणि हातमोजे यांची जागा सूट घेऊ शकत नाही, हे वेगळे सांगायला नको.

स्वतः घालता आला पाहिजे

सूट आरशासमोर उभे राहून निवडू नये. मोटरसायकलवर बसून निवडावा. गुडघे वाकवल्यावर गादी वाटीवरच राहते का? हात पुढे केल्यावर कोपराची गादी सरकते का? पोटावर पट्टा रुतत नाही ना? मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का? मधुमेही व्यक्तींचे खांदे अनेकदा आखडलेले असतात, त्यांना अरुंद बाह्यांचे जाकीट एकट्याने चढवता येत नाही. बोटांच्या सांध्यांत दुखणे असेल, तर हातमोजे घालूनही धरता येतील असे मोठे ओढ असलेल्या चेनी हव्यात. पँटीला पायाच्या बाजूने मांडीपर्यंत उघडणारी चेन असावी. सुमारे ३५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये पहिले दोन दिवस वाकून बूट घालतानाही धाप लागते, तेथे या चेनीचे मोल कळते.

आणखी एक गोष्ट, जी संकोचाने कोणी विचारत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना आणि लघवी रोखून धरता न येणाऱ्या स्त्रियांना वारंवार थांबावे लागते. सूट उतरवायला कटकटीचा असेल, तर माणूस पाणी पिणेच टाळतो. मग उन्हात चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि थंड, उंच प्रदेशात अधिकच थकवा. म्हणून अखंड एकसंध सूट टाळून जाकीट आणि पँट वेगवेगळे घ्यावेत. घरी घड्याळ लावून पाहावे. पँट कोणाच्या मदतीवाचून दोन-तीन मिनिटांत उतरवता आणि चढवता आली, तरच तो सूट तुमचा.

घरच्यांनी काय करावे

नवा सूट थेट लांबच्या प्रवासाला नेऊ नये. आधी जवळच्या घाटात, एकदा उन्हात आणि एकदा पावसात, दोन-तीन तास वापरून पाहावा. घरी आल्यावर घरच्यांनी पाठ, गुडघे, घोटे पाहावेत. अर्ध्या तासानंतरही न मावळणारा लाल वळ दिसला, तर तेथे गादी रुतते आहे असे समजावे. म्हातारपणीची पातळ त्वचा तशाने फाटते.

आतल्या खिशात एक जलरोधक चिठ्ठी ठेवावी : रक्तगट, आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि घरचा दूरध्वनी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती ओळ सर्वांत वर आणि ठळक. अशा व्यक्तीच्या डोक्याला किरकोळ मार लागला, तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे. सहप्रवाशांना सांगून ठेवावे, की उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर ती थट्टेची वेळ नव्हे. सावलीत न्यावे, सूट उतरवावा, अंग ओले करून वारा घालावा आणि ११२ वर मदत मागवावी. पण अपघातात मानेला वा पाठीला मार लागला असेल, तर जाकीट ओढून काढू नये. ते काम रुग्णवाहिकेतील माणसांवर सोडावे.

वडिलांना ‘नको’ म्हणण्यापेक्षा एखाद्या रविवारी त्यांच्याबरोबर दुकानात जावे. खुब्याची गादी दाबून पाहावी, चेन त्यांच्याच हाताने लावू द्यावी आणि घड्याळ आपण धरावे. त्यानंतर होणारे बोलणे भीतीपेक्षा तयारीचे असेल. आणि सूट नीट जमत नाही असे दिसले, तर ‘या वर्षी नको’ हे वडील स्वतःच म्हणतील.