रेमडेसिवीरची गोळी का नव्हती?

एप्रिल २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील रुग्णांचे नातेवाईक डॉक्टरांची चिठ्ठी हाती घेऊन रेमडेसिवीरसाठी वणवण फिरत होते. पहिल्या दिवशी २०० आणि पुढील चार दिवस १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका रुग्णाला १०० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागत. ११ एप्रिलला केंद्राने निर्यातीवर बंदी घातली, तरी काळाबाजार थांबला नाही. शिवाय औषध शिरेतूनच द्यावे लागत असल्याने खाटही हवी, आणि तीही दुरापास्तच. हेच औषध गोळीच्या रूपात का नव्हते, याचे उत्तर त्याच्या रासायनिक रचनेत आहे.

विषाणू पेशीत शिरून आपल्या आरएनएच्या प्रती काढतो. रेमडेसिवीरचा सक्रिय अंश आरएनएच्या एका घटकाची नक्कल करतो आणि प्रत काढणारे विकर अडखळते. मात्र त्यासाठी मूळ रेणूला तीन फॉस्फेट जोडले जावे लागतात. पेशी हे काम करते, पण पहिल्या फॉस्फेटपाशी फार रेंगाळते. तो बाहेरूनच जोडून द्यावा, तर त्यावरील ऋण विद्युतभारामुळे रेणू पेशीच्या स्निग्ध आवरणातून आत शिरत नाही. म्हणून भार झाकणारा रासायनिक मुखवटा चढवला जातो. पेशीतील विकरे तो उतरवतात. शरीरात गेल्यावरच औषध बनणाऱ्या अशा रेणूला 'प्रोड्रग' म्हणतात.

अडचण येते ती यकृताची. गोळीतले औषध आतड्यातून प्रथम तेथेच जाते. तेथील विकरे मुखवटा तिथेच उतरवतात आणि फुफ्फुसांपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. याची किंमत मोठी होती. विषाणूविरोधी औषध आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच अधिक उपयोगी. रेमडेसिवीर मात्र बहुधा रुग्ण खालावल्यावर, रुग्णालयात मिळे. लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत, तीन दिवस शिरेतून दिल्यास जोखमीच्या रुग्णांना दाखल करण्याची गरज ८७ टक्क्यांनी घटते, हे प्रसिद्ध झाले डिसेंबर २०२१मध्ये.

संशोधकांनी मग पहिल्या फॉस्फेटचा हट्टच सोडला. मूळ रेणूला आयसोब्युटिरिक आम्लाची साधी जोड दिली, की तो आतड्यातून नीट शोषला जातो. ओबेल्डेसिवीर असेच घडले. चीनमधील 'व्हीव्ही ११६'मध्ये अशा तीन जोडण्या असून एका हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन आहे. जानेवारी २०२३मध्ये त्याला तेथे सशर्त मान्यता मिळाली. ओबेल्डेसिवीर मात्र मोठ्या चाचणीत लक्षणांचा काळ लक्षणीयरीत्या घटवू शकले नाही.

मोल्नुपिराविरलाही हीच जोड आहे. डिसेंबर २०२१च्या प्रारंभी राज्यातील पहिला ओमायक्रॉन रुग्ण कल्याण-डोंबिवलीत आढळला आणि त्याच महिन्यात या गोळीला देशात आपत्कालीन मान्यता मिळाली. तथापि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जानेवारी २०२२मध्ये ती राष्ट्रीय उपचारपद्धतीत घेतली नाही. आक्षेप मुखवट्याला नव्हता. आतील रेणू गर्भाला बाधक ठरेल आणि जनुकांत बदल घडवेल, ही भीती होती.