लोहमार्गाचा खर्च कोण सोसतो?

पहाटेच्या पहिल्या लोकलपासून पनवेलचे स्थानक जागे असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत ४९ किलोमीटरांचा प्रवास करून कचेरी गाठणारा गृहस्थ खिशातला पास चाचपून पाहतो, आणि रेल्वेचे व आपले देणेघेणे मिटले असे मानून जागा मिळविण्याच्या उद्योगास लागतो. त्याच्या शेजारी उभा असलेला दुसरा गृहस्थ म्हणतो, की हा सारा पैसा सरकारचा. दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. उपनगरी गाडीच्या भाड्यातून ती गाडी चालविण्याचा नित्याचा खर्चही भागत नाही, मग त्यातून रूळ आणि पूल कोठून उभे राहणार? आणि सरकारजवळ स्वतःचा असा पैसा नसतोच. त्याची तिजोरी म्हणजे लोकांनीच भरलेला रांजण. मग पनवेलपर्यंत गाडी आली ती कोणाच्या पैशाने?

घर पाहावे बांधून, अशी म्हण आहे. एका बिऱ्हाडाचे घर बांधताना जर इतकी यातायात, तर साऱ्या प्रांताची वाट बांधताना किती असेल! तिचा प्रारंभ कागदावर होतो. मुंबईचे बेट माणसांनी दाटून गेले, तेव्हा १९५८ साली नेमलेल्या स. गो. बर्वे समितीने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडील भूमीकडे वस्ती वळवावी, असे सुचविले. पुढे धनंजयराव गाडगीळ समितीने एका शहराचा विचार सोडून सबंध प्रदेशाचा एकत्र आराखडा करावा, असा विचार मांडला. १९६६ साली महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना कायदा झाला आणि अशा आराखड्यांस कायद्याचे अधिष्ठान मिळाले. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडची 'सिडको', स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवे नगर वसविण्याचे काम तिच्याकडे आले.

आराखड्यावर रेघ ओढली म्हणजे मार्ग झाला, असे मात्र नाही. आज किती माणसे कोठून कोठे जातात, वीस वर्षांनी किती जातील, ह्याची गणती करावी लागते. त्यानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो. वाचणारा वेळ, वाचणारे इंधन, टळणारे अपघात ह्यांचेही पैशात मोल करून ते खर्चाशी ताडून पाहिले जाते. तिकिटाच्या हिशेबात बुडीत दिसणारा मार्ग समाजाच्या हिशेबात किफायतशीर ठरू शकतो, तो ह्या रीतीने.

हिशेब पटला तरी पैसा उभा करणे उरतेच. खाडीवरचा रस्त्याचा पूल १९७३ साली खुला झाला. परंतु आगगाडी वाशीस पोचण्यास १९९२ साल उजाडावे लागले आणि पनवेलला लोकल आली ती १९९८ मध्ये. बर्वे समितीच्या नेमणुकीपासून चाळीस वर्षे! रेल्वेपुढे देशभरच्या मागण्या होत्या. एका नव्या नगरासाठी सारा भार उचलण्यास ती राजी नव्हती. तेव्हा तोडगा निघाला तो असा : खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोने द्यावा आणि ३३ टक्के रेल्वेने.

सिडकोजवळ हा पैसा आला कोठून? येथेच साऱ्या विषयाची किल्ली आहे. भाताच्या शेताला जी किंमत असते, तिच्या कितीतरी पट किंमत त्याच जागेला शेजारी रेल्वेचे स्थानक झाल्यावर येते. ही वाढ मालकाच्या घामाने आलेली नसते. सार्वजनिक कामामुळे ती आपसूक येते. शेताजवळून कालवा गेला म्हणजे कोरडवाहू जमीन बागायती होते, तसाच हा प्रकार. तेव्हा ज्या कामामुळे मोल वाढले, त्याच कामासाठी ते मोल वापरावे, हे अर्थशास्त्रातील जुने तत्त्व सिडकोने व्यवहारात आणले. जमीन सरकारने संपादन करावयाची, तिच्यावर रस्ते, पाणी, गटारे करावयाची, भूखंड विकावयाचे आणि आलेल्या पैशातून पुढचे काम करावयाचे. वाशी व बेलापूर येथील स्थानकांच्या माथ्यावर कचेऱ्यांच्या इमारती दिसतात, त्यांच्या मुळाशीही हाच विचार आहे. नव्या नगरात ज्याने सदनिका घेतली, त्याने तिच्या किमतीतून न कळत लोहमार्गाची वर्गणी भरली.

परंतु ह्या जमाखर्चात एक नाव बराच काळ लिहिलेच गेले नव्हते. ते म्हणजे मूळ शेतकऱ्याचे. त्याची जमीन गेली शेताच्या भावाने, आणि वाढलेले मोल जमा झाले दुसऱ्याच्या खात्यात. मिठागरे व शेती ह्यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांना हा व्यवहार न्यायाचा कसा वाटावा? दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याची योजना १९९० साली आली. वाढलेल्या मोलात भूमिपुत्राचाही वाटा आहे, हे तत्त्व अशा रीतीने मान्य झाले; पण त्यासाठी रक्त सांडावे लागले. नकाशावरची कोरी जागा वस्तुतः कोरी नसते, हा धडा प्रत्येक योजनाकाराने पाठ करून ठेवण्याजोगा आहे.

पैसा उभारण्याच्या अन्य रीतीही पनवेलच्या परिसरातच पाहावयास मिळतात. येथून दक्षिणेस जाणाऱ्या गाड्या रोह्यापुढे कोकण रेल्वेवर लागतात. त्या मार्गासाठी १९९० साली स्वतंत्र महामंडळ झाले. त्यात केंद्राने ५१, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५ आणि गोवा व केरळ ह्यांनी प्रत्येकी ६ टक्के भांडवल घातले. उरलेली मोठी रक्कम रोखे विकून, म्हणजे लोकांच्या बचतीतून उभी केली. कळंबोलीहून निघणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग पथकरावर उभा आहे. २००४ साली तेथील पथकर १५ वर्षे वसूल करण्याचा हक्क ९१८ कोटी रुपयांस एका खासगी कंपनीस देण्यात आला. भविष्यकाळातील उत्पन्न आजच रोख करून घेण्याचा हा मार्ग होय. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग हा मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातील. २०१६ साली मंजूर झालेल्या ह्या २९.६ किलोमीटरांच्या मार्गाचा अंदाजी खर्च २,७८२ कोटी रुपये धरला होता. ह्या टप्प्यात केंद्र व राज्य भागीदार आहेत. शिवाय २०२० साली एशियन इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट बँकेशी ५० कोटी डॉलर कर्जाचा करार झाला. कर्ज म्हणजे पुढील पिढीच्या नावे लिहिलेली हुंडी. मार्गाचा उपयोग तीही पिढी करणार असल्यामुळे त्यात गैर काही नाही. मात्र हुंडीची रक्कम वाजवी असली पाहिजे.

ती रक्कम फुगविणारा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे विलंब. बेलापूर ते पेंधर ह्या ११ किलोमीटरांच्या मेट्रोचे भूमिपूजन २०११ साली झाले आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. अशा काळात सिमेंट-लोखंडाचे भाव वाढतात, गुंतलेल्या पैशावर व्याज चढते आणि लोकांचे कष्टाचे तास वाया जातात. शेवटची ही रक्कम कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. तरी ती प्रत्येक घरातून रोज वसूल होत असते.

तेव्हा करदाता, प्रवासी, नव्या घराचा खरेदीदार, रोखे घेणारा, उद्याची पिढी आणि जमीन देणारा शेतकरी, असे सहा धनी प्रत्येक मार्गामागे उभे असतात. कोणावर किती भार पडावा, हे ठरविणे म्हणजेच योजना करणे. प्रादेशिक आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या पाहिजेत, असा कायदाच आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, ती जाहिरात येते आणि बहुतेक घरांत ती न वाचताच रद्दीत जाते. मार्गाचा खर्च शेवटी आपल्याच घरातून जातो हे ज्याला उमगले, तो निदान ती जाहिरात कापून ठेवील, आणि मुदत संपण्यापूर्वी एक अर्ज लिहील.