नावेतला राजा, काठावरचा परीट

सुट्टी लागायच्या आधीच आमच्या घरात भांडण सुरू होतं. भालकीतल्या बहुतेक घरांत होत असावं. ह्यांना तिरुपतीला जायचं असतं, मुलांना समुद्र पाहायचा असतो आणि सासूबाईंना (आम्ही त्यांना अत्या म्हणतो) गाणगापूरशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्या वर्षी मुलांनी शाळेतून 'हाउसबोट' हा शब्द घरी आणला. वर्गातल्या कुणाचे तरी केरळचे फोटो पाहिलेले, मग काय विचारता! अत्यांनी जपमाळ पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "नावेत बसायची हौस लय जुनी आहे बाई. त्या हौसेपायी एकाला बिदरचा राजा व्हावं लागलं."

गुरुचरित्र ज्यांच्या घरी वाचलं जातं त्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. कृष्णेच्या पाण्यानं वेढलेल्या कुरवपुरात श्रीपाद श्रीवल्लभ राहत होते. एक परीट रोज नदीवर धुणं धुवायला यायचा आणि स्वामींना दंडवत घालायचा. वैशाखातल्या एका दिवशी एक राजा आपल्या राण्यांसह शृंगारलेल्या नावेतून जलविहाराला आला. दोन्ही काठांवर हत्ती, घोडे, फौज. परीट धुणं विसरला आणि बघतच राहिला. स्वामींनी विचारलं तेव्हा त्यानं मनातलं सांगून टाकलं, की असं सुख एकदा भोगावंसं वाटतं. स्वामी म्हणाले, पुढच्या जन्मी भोगशील. तो जन्मला वैदूर्यनगरात, म्हणजे आपल्या बिदरात, आणि तिथला राजा झाला. पुढे हाच राजा मांडीवरचा फोड घेऊन गाणगापूरला नृसिंह सरस्वतींच्या पायाशी आला आणि त्याला मागचा जन्म आठवला, अशी कथा आहे.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण तिच्यात एक नाव आहे हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि ती आपल्याच मुलखाची गोष्ट. कुरवपूर रायचूरकडे, गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात, शेवट बिदरला. गुरुचरित्र आळंद तालुक्यातल्या कडगंचीला लिहिलं गेलं अशी श्रद्धा आहे, आणि ग्रंथकर्त्या सरस्वती गंगाधरांची घरची भाषा कन्नड होती असं मानतात. कन्नड घरात वाढलेल्या माणसानं मराठीत लिहिलेला ग्रंथ! आपल्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही, हे एक बरं आहे.

एवढं सगळं सांगून झाल्यावर अत्या म्हणाल्या, "जाऊ या मग केरळला. मी पण बसते नावेत."

गाठ म्हणजे कट्टु

सिकंदराबादहून गाडीनं एर्नाकुळम, तिथून अलप्पुळा. धक्क्यावर हाउसबोटींची रांग पाहून मुलं हरखली. मला मात्र बिदरच्या बस स्टँडची आठवण झाली. गर्दी तशीच, ओरडाही तसाच. बोट सुटली आणि दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही बाजूंना नारळी आल्या, तेव्हा कुठे जीव शांत झाला.

आमच्या बोटीवर तिघे होते, त्यातले स्वयंपाक करणारे चेट्टा (तिकडे थोरल्या भावाला चेट्टा म्हणतात) मोठे बोलके. त्यांची हिंदी मोडकी, आमची मल्याळम शून्य, पण अत्यांच्या कन्नडनं काम भागवलं. ह्या बोटीचं जुनं नाव 'केट्टुवल्लम'. वल्लम म्हणजे नाव आणि केट्टु म्हणजे बांधणं. अत्या लगेच म्हणाल्या, "हे तर आपलं कट्टुच की!" खरंच तसं होतं. फणसाच्या जातीतल्या आंजिली नावाच्या झाडाच्या फळ्या नारळाच्या काथ्यानं एकमेकींना शिवलेल्या असतात. जुन्या पद्धतीच्या नावेत एकही खिळा नसतो. वरून काजूच्या टरफलांतून काढलेला काळा रस चढवतात, म्हणजे लाकूड कुजत नाही. छपराला बांबू आणि विणलेल्या चटया. साठ-सत्तर फुटांची आणि त्याहूनही लांब अशी ही नाव तांदूळ वाहायची. कुट्टनाडची भातशेती समुद्राच्या पातळीपेक्षा ४ ते १० फूट खाली आहे. चहूबाजूंनी बांध घालायचे, आतलं पाणी उपसायचं आणि मग पेरायचं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २०१३ साली ह्या शेतीला जागतिक महत्त्वाचा वारसा म्हणून मान दिला. त्या भाताची पोती घेऊन ह्या नावा कोचीपर्यंत जायच्या. रस्ते झाले, पूल झाले, ट्रक आले, आणि नावा काठाला लागून कुजू लागल्या. १९९० नंतर त्यांच्यावर खोल्या बांधून पाहुणे बसवायची कल्पना निघाली. नाहीतर काथ्यानं नाव शिवणारे हात बहुधा राहिलेच नसते.

चेट्टांनी मुलांना सर्पनौकांच्या शर्यतीबद्दल सांगितलं. १९५२ साली पंडित नेहरू आले होते, तेव्हा त्यांच्यापुढे अशा नौकांची शर्यत झाली. पुढे त्यांनी पाठवलेल्या चांदीच्या चषकावरून तिला नेहरू ट्रॉफी म्हणू लागले. शंभर फुटांपेक्षा लांब नाव, तीत शंभराच्या आसपास वल्हेकरी, आणि सगळ्यांची वल्ही एकाच वेळी पाण्यात पडावीत म्हणून म्हटली जाणारी गाणी. ती गाणी म्हणजे वंचिपाट्टु. आपल्या दिंडीत पावली चुकू नये म्हणून मृदंग जे काम करतो, तेच हे.

दुपारच्या जेवणात करिमीन मासा होता. आम्ही शाकाहारी, त्यामुळे आमच्या वाट्याला केळीच्या पानावर भात, सांबार आणि खोबऱ्याच्या तीन भाज्या आल्या. अत्यांना खोबरेल तेलाचा वास सोसला नाही. घरून नेलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी त्यांनी काढली आणि अर्धी चेट्टांना दिली.

काठावर घरं होती. पायऱ्यांवर बसून एक बाई भांडी घासत होती. आमची बोट जवळून गेली तशी लाट उठून तिच्या पायरीवर चढली, एक वाटी वाहून जाऊ लागली, ती तिनं पटकन धरली आणि वर पाहिलं. रागानं नाही, पण कौतुकानंही नाही. दिवसातून अशा किती बोटी जात असतील! अत्या हळूच म्हणाल्या, "बघ, आज आपण नावेत आहोत." मला त्या परटाची आठवण झाली.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोट काठाला बांधली. मुलं हिरमुसली. चेट्टांनी सांगितलं, आता मच्छीमारांची वेळ, ते जाळी टाकतात, आपण फिरायचं नाही. पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, हे तिथं एवढ्या गर्दीतही थोडं तरी पाळलं जातं, हे मला आवडलं. न आवडलेलंही सांगते. कित्येक ठिकाणी पाण्यावर तेलाचा तवंग होता. बोटींवरचं सांडपाणी तलावात जातं ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. वेंबनाड तलावाला २००२ पासून रामसर यादीचं संरक्षण आहे, तरीही ही गत.

बुट्टी आणि फुगवटा

परत आल्यावर मुलांनी विचारलं, आपल्याकडे का नाही असं? मी म्हटलं, नाव तर होती. आपल्याकडची नाव गोल. कन्नडमध्ये हरिगोलु, रायचूरकडे कुणी बुट्टी म्हणतात. बांबूच्या कामट्यांची मोठी टोपली विणायची, पूर्वी तिला बाहेरून कातडं लावत, आता प्लास्टिकचं कापड आणि डांबर. एकाच वल्ह्यानं ती गरगर फिरत पुढे जाते. हंपीला पर्यटक तिच्यात बसून फोटो काढतात, आणि कुरवपूरला जाणारे दत्तभक्त पिढ्यान् पिढ्या तिच्यातूनच कृष्णा ओलांडत आले. बाराव्या शतकातले शरण अंबिगर चौडय्या नावाडीच होते. कल्याणच्या शरणांत एवढं रोखठोक बोलणारा दुसरा क्वचितच सापडेल. कल्याण म्हणजे आपल्या शेजारचं बसवकल्याण. अंबिग, कब्बलिग, कोळी ही नावं आपल्या गावागावांत आहेत, फक्त त्या घरांतली वल्ही गेली.

पाण्याचं म्हणाल तर भालकी तालुक्यातच कारंजाचं धरण आहे, ब्याळहळ्ळीजवळ. ७.६९ टीएमसीचा साठा. केरळचं बॅकवॉटर निसर्गाचं, समुद्र आणि नद्या मिळून झालेलं. आपलं बॅकवॉटर भिंत घालून झालेलं. कन्नडमध्ये त्याला 'हिन्नीरु' म्हणतात, मागे साचलेलं पाणी. मराठीत 'फुगवटा'. हिवाळ्यात तिथं दूरचे पक्षी येतात आणि सुट्टीच्या दिवशी भालकी-बिदरची माणसंही येतात. इथं बोटी सुरू झाल्या तर किती बरं होईल, हे वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलं असेल. मीही म्हटलेलं आहे.

अत्यांनी मात्र ते कधी म्हटलं नाही, कारण त्यांच्या माहेरची जमीन त्या पाण्याखाली आहे. गावाचं नाव लिहू नको म्हणाल्या, घरातलं कोर्टाचं काम अजून मिटलेलं नाही. जे कोर्टात गेले त्यांच्यातल्या काहींना वाढीव मोबदला मिळाला, जे गेले नाहीत ते जुन्याच दरात राहिले. सगळ्यांना सारखा मोबदला द्या, ही कारंजाच्या संत्रस्तांची मागणी आहे. त्यासाठी २०२२ साली बिदरला धरणं सुरू झालं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. आपल्यातले किती जण तिथं एकदा तरी जाऊन बसले?

म्हणून मला कोयनेचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. १९६० नंतरच्या वर्षांत कोयनेचं पाणी अडलं आणि शिवसागर जलाशय झाला. तो आपल्या कारंजाच्या दहापटीपेक्षाही मोठा. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांकाठची शेतं बुडाली, गावं डोंगरावर चढली, कित्येक घरं दूरच्या जिल्ह्यांत गेली. जे मागे राहिले त्यांना बाजाराला, शाळेला, दवाखान्याला बोटीशिवाय रस्ता नव्हता. आज तापोळा आणि बामणोलीला जे पर्यटक जातात, वासोट्याच्या पायथ्याला उतरतात, त्यांना नेणारे बोट क्लब स्थानिकांचे आहेत, आणि सुकाणू धरणाऱ्यांत धरणग्रस्त घरांतली मुलं आहेत. बोट एखाद्या जागेवरून जाते आणि मुलगा सांगतो, इथं खाली आमचं शेत. पोटापुरतं मिळतं, फार मिळतं असं नाही. पण आजोबांच्या शेतावरून जायचे पैसे तो दुसऱ्याला देत नाही, स्वतः घेतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी दाखवणारे नावाडीही तिथले मच्छीमारच. तेच उजनीचं पाणी पंढरपूरवरून आपल्या अफजलपूर-गाणगापूरच्या भीमेत येतं.

आणखी एक गोष्ट, जी नावेत बसल्यावर आपण विसरतो. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूरला पर्यटकांची बोट उलटली आणि २२ जण गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. मासेमारीची बोट बदलून प्रवाशांसाठी केलेली, आणि तीत झेपणार नाहीत एवढी माणसं. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात बुडाली, सहा जीव गेले. ते तर हौसेनं निघालेलेही नव्हते, रोजच्या वाटेनं जात होते. आमच्या केरळच्या बोटीवर लाइफ जॅकेट होती, पण कपाटात. मी मागितली तेव्हा बाकीचे हसले. हसू द्यावं. मुलांना ती घातल्याशिवाय बसवू नये आणि आभाळ भरून आलं असेल तर पैसे गेले तरी चालतील, उतरून यावं.

कारंजाचं पाणी बिदर शहर पितं, हेही आहेच. डिझेलच्या बोटींची रांग तिथं नकोच. वल्ह्याच्या चार नावा किंवा चार बुट्ट्या चालतील, आणि त्या चालवायला काठावरचीच, ज्यांची जमीन गेली त्या घरांतली पोरं हवीत. परवाना, विमा, जॅकेट सगळं रीतसर करून. ठेका बाहेरच्या कुणाला दिला तर पुन्हा तीच माणसं काठावर उभी राहतील.

मागच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं होतं तेव्हा अत्यांना घेऊन आम्ही गेलो. ओलसर चिखलाच्या कडेनं त्या बऱ्याच पुढे गेल्या. "तिथं विहीर," त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं, "आणि तिच्या अलीकडे चिंच." आम्हाला पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. धाकटीनं विचारलं, "अज्जी, बोट असती तर तू गेली असतीस तिथं?" अत्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चालवणारा आमच्या गावचा असेल तर जाईन. त्याला विहीर कुठं आहे ते ठाऊक असतं."