रेकॉर्डर निवडताना

मेमरी किती, यापेक्षा माइक वक्त्याच्या किती जवळ नेता येतो हे आधी पाहावं. मागच्या बाकावर ठेवलेला रेकॉर्डर व्याख्यानाआधी पंख्याची घरघर टिपतो! ती कमी करायला ‘लो कट’ फिल्टर असावा आणि मुलाखतीत कॉलर माइक जोडायला ३.५ मिमीचं सॉकेट हवंच.

तासाभराचं १२८ केबीपीएस एमपी३ ध्वनिमुद्रण सुमारे ५८ एमबी जागा घेतं, तर सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ वेव्ह ६३५ एमबी. नुसत्या बोलण्याला एमपी३ पुरतं.

झूमच्या ‘एच१ इसेन्शियल’सारख्या ३२ बिट फ्लोट यंत्रात आवाजाची पातळी आधी जुळवावी लागत नाही, कुजबुज आणि हशा, दोन्ही शाबूत राहतात. नवख्यांसाठी ही मोठीच सोय.

मुलाखतीपूर्वी हेडफोन लावून अर्धा मिनिट चाचणी जरूर घ्या.